साठ हजाराची पुडी

मागच्या कोजागरीला मंडळात मसाला दूध उकळेपर्यंत एका कोपऱ्यात मुलांचा घोळका जमला होता. सहावीतला एक मुलगा फोनवर त्याच्या बिअर्डेड ड्रॅगनचे फोटो दाखवत होता. हा ऑस्ट्रेलियातला, दाढीवाला सरडा. त्याच्या आईनं मला गाठलं. "तुमच्या गावच्या घरी कासव आहे ना? मग सांगा, ह्याला कॅल्शियमची पावडर किती घालायची? दुकानदार म्हणतो रोज घाला, माझी मैत्रीण म्हणते घालूच नका."

हातात दुधाचा पेला घेऊन मी दोन मिनिटांत काहीतरी उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं की ते अपुरं होतं, आणि ज्या गोष्टीतून मी हे शिकलो ती तर मी सांगितलीच नाही. ती सांगायला थोडी लाज वाटते, म्हणून राहिली असेल. या वेळचा लेख त्यावरच.

२०२० मध्ये ऑफिस घरी आलं आणि मी लॅपटॉप घेऊन बेळगुंदीला गेलो. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या वाटेवर आमचं गाव. शाळा बंद, पुतणी घरात कंटाळलेली. तेव्हा ती तिसरीत होती. दिवाळीच्या सुमारास बेळगावातल्या एका मासे विकणाऱ्या दुकानातून मी तिला कासवाचं पिल्लू आणून दिलं. हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात त्याला. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानदारानं सोबत सुक्या जवळ्याचा डबा दिला आणि म्हणाला, "दोन चिमटी टाका, बाकी काय लागत नाही." पुतणीनं नाव ठेवलं टिल्लू. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, मध्ये एक दगड, आणि टब पडवीच्या काचेच्या खिडकीपाशी. आमच्या मते त्याला ऊनही मिळत होतं.

२०२१ चा पावसाळा आला. आमच्या पश्चिम भागात पाऊस लागला की लागलाच, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस पुतणी म्हणाली, "काका, टिल्लू मऊ लागतंय." मी हातात घेतलं. पाठीवर बोट दाबलं तर कवच आत जात होतं, शिळ्या भाकरीची कड दबते तसं. कडा वर वळल्या होत्या. पापण्या सुजल्या होत्या आणि दोन दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं.

मी इंजिनिअर. रात्री दोन तास वाचलं आणि निदान केलं: कॅल्शियम कमी. कमी असेल तर घाला. आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्याच, एक कुटून टबात टाकली. पाणी पांढरं झालं आणि भुकटी तळाशी बसली. गोळीतलं कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे जवळजवळ खडूच, ते पाण्यात विरघळत नाही हे दहावीचं रसायनशास्त्र मी विसरलो होतो. रोज एक गोळी, असे तीन आठवडे गेले. टिल्लू तसंच.

मग ध्यानात आलं की कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व लागतं. ते कोरोनाचे दिवस होते. घराघरांत झिंक, 'क' जीवनसत्त्व आणि 'ड' च्या पुड्या होत्या. आईचीही होती, आठवड्याला एक, दुधातून घ्यायची. मी पुडी उचलली आणि चिमूटभर टिल्लूच्या खाण्यावर टाकायला निघालो.

"काय करालास रे?" आईनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "ही माझी आठवड्याची पुडी. डॉक्टरनी साठ किलोच्या बाईला दिलेली. ह्याचं वजन किती?"

मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टिल्लूला ठेवलं. बासष्ट ग्रॅम. (त्या काट्यावर परत कणीक मोजायची नाही म्हणून आईनं तो मलाच देऊन टाकला, ते वेगळं.)

मग पुडीवरचं बारीक अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं. ६०,००० आययू. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ६०० आययू धरतात. म्हणजे त्या एका पुडीत शंभर दिवसांचं 'ड' होतं, आणि म्हणूनच ती आठवड्यातून एकदा, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते. आईपेक्षा टिल्लू जवळजवळ हजारपट हलकं. माझी "फक्त चिमूट" म्हणजे पुडीचा दहावा भाग धरला तर ६,००० आययू. वजनाच्या हिशोबानं आईनं एका वेळी शंभर पुड्या खाल्ल्यासारखं झालं असतं. दिवसभर एका एककाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा कोड लिहून पोट भरणारा मी, आणि चूक पकडली ती सातवी शिकलेल्या आईनं.

'ड' जीवनसत्त्वाची अडचण अशी की ते चरबीत विरघळणारं आहे. 'क' जास्त झालं तर बरंचसं लघवीतून निघून जातं. 'अ' आणि 'ड' साठत जातात. 'ड' जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर, जिथं नको तिथं बसू लागतं. बाहेरून सुरुवातीला काहीच दिसत नाही. प्राणी जरा मंद होतो, कमी खातो. म्हणजे कमतरतेत दिसतं तसंच. आपण म्हणणार, अजून बरं वाटत नाही, अजून थोडं घालू.

दुसऱ्या दिवशी टिल्लूला डब्यात घालून गावाजवळच राहणाऱ्या निवृत्त गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या गोठ्यातली प्रत्येक म्हैस त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी आधीच सांगितलं, "कासव माझा विषय नव्हे." पण मी गोळ्यांचं आणि पुडीचं सांगितल्यावर हसले आणि म्हणाले, "अरे, म्हशीला कॅल्शियम लावताना बॅटरी कोण धरायचं? तूच की."

लख्ख आठवलं. व्यालेली म्हैस दुसऱ्या दिवशी खाली बसायची, मान पोटाकडे वळवायची, कान गार पडायचे. दुधात एकदम कॅल्शियम निघून गेलं की असं होतं. डॉक्टर रात्री यायचे, शिरेत सुई घालून बाटली उंच धरायला लावायचे आणि स्वतः छातीला नळी लावून बसायचे. बाटली संपायला बराच वेळ लागायचा. मी एकदा विचारलं होतं, पटकन का सोडत नाही? तेव्हा ते म्हणाले होते की सावकाश सोडलं तर म्हैस उठते, घाईनं सोडलं तर तिचं काळीज थांबतं. बाटली तीच.

"आता सांग," डॉक्टर म्हणाले, "ह्याला ऊन कुठं मिळतं?"

"खिडकीत."

"काच उघडी?"

काच बंद होती. पावसाळ्यात कोण उघडतंय?

खरी गोम तिथंच होती. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी नावाचा भाग कातडीवर पडला की तिथं 'ड३' तयार व्हायला सुरुवात होते, अंगाच्या उबेनं ते पुरं होतं, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि तेव्हा कुठे आतडं खाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. खिडकीपाशी उजेड आणि ऊब मिळते, पण 'ड' मिळत नाही. वर टिल्लूचं खाणं म्हणजे नुसता सुका जवळा. आत कॅल्शियम येईना, आलं तरी शोषलं जाईना. रक्तातलं कॅल्शियम तर घसरू देता येत नाही, त्यावर हृदय आणि स्नायू चालतात. मग शरीर हाडांतून आणि कवचातून काढत राहतं. पेरणीसाठी राखलेलं बियाणं कुटून भात शिजवावा तसं. आजचं जेवण होतं, पण पुढच्या वर्षीचं शेत जातं. सरड्यांत याच आजारानं जबडा रबरासारखा लवतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. कासवात कवच मऊ पडतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून बेळगावात एक्स-रे काढला आणि बंगळुरात सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांनी फोनवर सांगितलेला क्रम मी वहीत लिहून घेतला, तो असा: आधी उजेड, मग ऊब, मग खाणं, आणि सगळ्यात शेवटी औषध. मी बरोबर उलट्या टोकाला सुरुवात केली होती.

उजेडासाठी यूव्हीबीचा दिवा घेतला. तो साधा पांढरा किंवा उबेचा बल्ब नव्हे, खोक्यावर यूव्हीबी लिहिलेलं असतं. दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, अंतर खोक्यावर दिलेलं तेवढंच. असा दिवा डोळ्यांना पेटलेला दिसत राहतो, पण त्यातली यूव्हीबी कमी होत जाते. म्हणून कंपनी सांगेल त्याप्रमाणे सहा ते बारा महिन्यांत बदलायचा. मी दिव्यावर तारीखच लिहून ठेवतो. पाऊस उघडला की परड्यात सकाळचं कोवळं ऊन. वर जाळी, कारण घारी आणि मांजर. अर्धा भाग कायम सावलीत, तापलं तर त्याला सरकता यावं. उन्हाची एक गंमत अशी की त्यानं 'ड' जास्त होत नाही. कातडीत गरजेपेक्षा जास्त तयार व्हायला लागलं की तेच ऊन त्याचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करतं. पुडीत अशी सोय नाही.

उबेसाठी बसायच्या दगडावर बल्ब, तिथं ३२ ते ३५ अंश. सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही. थंड राहिलं तर खाल्लेलंच पचत नाही, मग पावडर कुठून लागू पडणार?

खाण्यात कॅल्शियम किती यापेक्षा फॉस्फरसच्या तुलनेत किती हे बघायचं. साधारण दोनाला एक असं प्रमाण चांगलं. बिनहाडाचं चिकन, नुसती कोळंबी, आणि सरड्यांना घालतात ते क्रिकेट किडे या सगळ्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, त्यामुळे रोजचा पालक नको. टिल्लूला कासवांसाठीचं तयार दाणेदार खाणं सुरू केलं, जोडीला काट्यासकट छोटे मासे. म्हशींसाठी दादानं टाकीत अझोला लावलं होतं, ते तर त्याला फारच आवडलं. पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकला, मागचा कडक पापुद्रा काढून. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच, माकुळाच्या आतलं हाड. तो कॅल्शियमच आहे, त्यात 'ड' नाही. कासव हवं तेव्हा कुरतडतं, नको तेव्हा सोडतं.

आणि औषध? डॉक्टरांनी तोंडातून द्यायचं पातळ कॅल्शियम दिलं, वजनावर मोजून, इन्सुलिनच्या बारीक सिरिंजनं, काही आठवडेच. डोळ्यांची सूज बहुधा 'अ' च्या कमतरतेची असावी असं ते म्हणाले. मी लगेच, "मग 'अ' चं इंजेक्शन द्या की." मी अजून सुधारलो नव्हतो. त्यांनी समजावलं की 'अ' चं इंजेक्शन जास्त झालं तर कासवाची कातडी अक्षरशः सोलून निघते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांत 'अ' चा कच्चा माल असतो, त्यातून शरीर लागेल तेवढंच बनवतं. आधी ते द्या, मग बघू. इंजेक्शन लागलंच नाही.

त्या दिवसांत सल्ल्यांची कमी नव्हती. एकानं सांगितलं, पानाच्या डब्यातला चुना चिमूटभर पाण्यात टाक. तो चुना दाहक असतो, कासवाचे डोळे आणि कातडी भाजेल. दुसऱ्यानं गोठ्यातलं खनिज मिश्रण सुचवलं. ते म्हशीच्या गरजेचं, त्यात फॉस्फरस आणि तांबंही असतं. तिसऱ्यानं सगळ्यात सोपं सांगितलं, "कशाला एवढं? राकसकोपला सोडून ये जा." हे मात्र अजिबात करायचं नाही. बेळगाव ज्या धरणाचं पाणी पितं त्याचा प्रश्न नंतरचा. हे कासव जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. चिवट असतं, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतं, आजारही नेतं. आणि आपली कासवं, म्हणजे भातशेतात सापडणारं असो की पाठीवर चांदण्या असलेलं, आणि घोरपडसुद्धा, वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. मुलांनी ती कितीही लाडानं आणली तरी घरात ठेवता येत नाहीत. काही परदेशी प्राण्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपला प्राणी त्यात येतो का हे आणायच्या आधी पाहा.

आता कोजागरीतल्या त्या आईला द्यायचं राहिलेलं उत्तर.

पावडरच्या डब्या साधारण तीन प्रकारच्या असतात: नुसतं कॅल्शियम, 'ड३' घातलेलं कॅल्शियम, आणि बहुजीवनसत्त्व. तिन्ही पांढऱ्या, तिन्हींवर सरड्याचं चित्र. दोन मिनिटं देऊन मागचं बारीक अक्षर वाचा. चांगला यूव्हीबी दिवा असेल तर रोजच्या किड्यांवर नुसतं कॅल्शियम, 'ड३' वालं अधूनमधून, बहुजीवनसत्त्व त्याहून कमी वेळा. नेमकं किती वेळा ते प्राण्याची जात, वय आणि दिवा पाहून डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाढत्या पिल्लाची आणि अंड्यावरच्या मादीची गरज जास्त असते. पावडर किड्यांवर हलकी भुरभुरायची, लाडवाला साखर लावतो तसं घोळायचं नाही, आणि किडे घालायच्या अगदी आधी, नाहीतर ते ती झटकून टाकतात. किड्यांनाच आदल्या दिवशी चांगला पाला खाऊ घालावा, कारण त्यांच्या पोटातलंही तुमच्या प्राण्याच्या पोटात जातं.

'ड३' ची बेरीज करा. तयार दाण्यांत आहे का, पावडरीत आहे का, वर थेंब आहेत का. तीन डब्यांवर "सुरक्षित प्रमाण" लिहिलेलं असेल, पण तिन्ही मिळून किती ते कुठल्याच डबीवर लिहिलेलं नसतं. माणसांच्या गोळ्या आणि पुड्या वापरू नका. महिन्यातून एकदा प्राण्याचं वजन करून लिहून ठेवा, वेगळ्या काट्यावर. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली होती. आणि जबडा मऊ लागला, पाय थरथरले, डोळे मिटलेले राहिले, तर डबी बदलत बसू नका. डॉक्टरकडे जा.

टिल्लूनं सतराव्या दिवशी डोळे उघडले. कवच घट्ट व्हायला दिवाळी उलटून गेली. आज ते तळहाताहून मोठं आहे, पाठ दगडासारखी टणक, पण कडा वर वळलेल्या आहेत त्या आहेतच. वाकडं वाढलेलं कवच सरळ होत नाही. खडूचं पाणी ढवळण्यात गेलेले माझे तीन आठवडे त्या कडांमध्ये कायमचे राहिले, असं मला ते बघताना दर वेळी वाटतं.

त्या पावसात एका संध्याकाळी पुतणीनं मला विचारलं होतं, "काका, मी खिडकी बंद ठेवली म्हणून झालं काय?" मी तिला सांगितलं की नाही, मी न वाचता आणलं म्हणून झालं. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग आता वाचून ठेवूया."

आता ती नववीला लागेल. पडवीत खिळ्याला एक वही टांगलेली आहे. त्यात तारीख, वजन, दिवा कधी बदलला, काय खाल्लं, हे तिच्या अक्षरात आहे. नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं सहज जगतं. ती शिकायला बाहेर गेली की वही कोण लिहिणार, असं मी मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा विचारलं. आई म्हणाली, "मी लिहीन की. वजन करायला मीच शिकवलं."